‘सोयाबीन पिवळं पडलंय, काय मारू?’

जुलैचा तिसरा आठवडा उजाडला की विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर एक वाक्य रोज फिरायला लागतं. ‘सोयाबीन पिवळं पडलंय, काय मारू?’ सोबत एक फोटो, बांधावर उभं राहून काढलेला. अर्ध्यात आभाळ, अर्ध्यात शेत. पाच मिनिटांत उत्तरांचा पाऊस. कुणी म्हणतो फेरस (लोहाचं खत) मारा, कुणी म्हणतो १९:१९:१९ हे विद्राव्य खत सोडा, कुणी बुरशीनाशकाचं नाव टाकतो, कुणी ‘नंबर पाठवा, बोलतो’ म्हणून बाजूला घेऊन जातो. एखादा उत्साही गडी दोन औषधं, एक खत आणि एक टॉनिक अशी चौघांची मोट बांधून देतो आणि खाली लिहितो, ‘शंभर टक्के रिझल्ट’. संध्याकाळी फवारणी होते. या सगळ्यात एक साधी गोष्ट मात्र कुणीच विचारलेली नसते: पिवळी झालीत ती पानं शेंड्याची की बुडाची?

शेतीतला सल्ला चुकतो तेव्हा आपण सहसा ज्ञानाला दोष देतो. शेतकरी अडाणी, नाहीतर दुकानदार लुटारू, नाहीतर विद्यापीठं झोपलेली. यातलं थोडंफार खरं असेलही. पण सोयाबीनच्या पिवळेपणाची माहिती दहा वर्षं शेती केलेल्या बहुतेकांकडे तुकड्या-तुकड्यांत असते. ती योग्य जागी पोहोचत नाही, कारण विचारणारा अर्धवट विचारतो आणि सांगणारा उलट न विचारता सांगून मोकळा होतो. कृषी सहायकाची गावातली फेरी आता विरळ झाली आहे. सल्ल्याचा मोठा भाग फोनवर, ग्रुपवर आणि दुकानाच्या काउंटरवर दिला-घेतला जातो. मग तिथे बोलायचं कसं, हा शिष्टाचाराचा प्रश्न उरत नाही. त्यावर पीक अवलंबून असतं, पैसा अवलंबून असतो आणि कधीकधी जीवही.

आधी त्या पिवळेपणाचंच बघू. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं तर बहुधा लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत पाणी साचलं की लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. बुडाची जुनी पानं सगळीच फिकट होत असतील तर नत्राकडे बघायचं, म्हणजे मुळांवरच्या गाठींकडे. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी-लालसर दिसलं तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाही. गडद पिवळे आणि हिरवे चट्टे एकाच पानावर, शिरांचा मुलाहिजा न ठेवता पसरलेले, आणि असं झाड इथे एक, तिथे एक, तर तो पिवळा मोझॅक हा विषाणूरोग. पान उलटून बघा, पांढरी माशी सापडेल. झाड मलूल असेल तर खोड उभं चिरायचं. आत लालसर तपकिरी नागमोडी पोखर दिसली तर खोडमाशी. देठावर किंवा खोडावर दोन समांतर कड्या असतील आणि वरचा भाग वाळत असेल तर चक्रीभुंगा. मूळ उपटल्यावर सड दिसली तर बुरशी. आणि आठ दिवसांपूर्वी तणनाशक मारलं असेल तर पीक काही दिवस पिवळसर होऊन आपोआप सावरतं, तेव्हा काहीच करायचं नसतं.

ही सात कारणं आणि ‘पिवळं’ हा शब्द मात्र एकच. मोझॅकवर फेरस मारलं तर पैसे पाण्यात. त्याहून वाईट म्हणजे युरिया टाकला तर पीक लुसलुशीत होतं आणि पांढऱ्या माशीला मेजवानी मिळते. तणनाशकाच्या झटक्यावर बुरशीनाशक मारलं तर पीक सावरतं, पण श्रेय बुरशीनाशकाला जातं आणि पुढच्या वर्षी तोच सल्ला छाती ठोकून दिला जातो. असे खोटे अनुभव गावात पिढीजात होतात.

‘काय मारू?’ या दोन शब्दांत खोट अशी की प्रश्नकर्त्याने निदान आधीच करून टाकलेलं असतं. काहीतरी मारायचंच आहे, फक्त नाव हवं आहे. समोरचाही मग नावच देतो. ‘काय झालं असेल?’ असं विचारलं तर संभाषण वेगळ्या वळणाने जातं. भाषेतला हा बारीक फरक दुकानदार फार चांगला ओळखतात. गिऱ्हाईक ‘काय मारू’ म्हणत आलं की बाटली काढायची. ‘काय झालं’ म्हणत आलं तर शेतात यावं लागतं, निदान फोटो तरी बघावा लागतो.

मग विचारायचं कसं? फार लांबड नको. असं लिहिलं तरी पुरे:

‘सोयाबीन, पेरणी २४ जून, आज २८ दिवस. मध्यम काळी जमीन, खाली चुनखडी. दहा दिवस पाऊस चालू, सखल भागात दोन दिवस पाणी होतं. शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या, खालची पानं ठीक. दोन एकरांपैकी सखल अर्ध्या एकरातच आहे. तणनाशक १२ जुलैला मारलं. झाड उपटून बघितलं, मुळं पांढरी, गाठी आहेत.’

पन्नासेक शब्दांचा मजकूर आहे. हे वाचून जाणत्या माणसाला उत्तर द्यायला अर्धा मिनिट लागतो, आणि खरं सांगायचं तर हे लिहितालिहिताच निम्म्या शेतकऱ्यांना उत्तर सापडतं. कारण ‘सखल अर्ध्या एकरातच’ हे शब्द लिहिण्यासाठी शेतात चक्कर मारावी लागते, आणि ‘गाठी आहेत’ हे लिहिण्यासाठी झाड उपटावं लागतं. सर्वांत मोलाचा तपशील तोच असतो: त्रास कुठे आहे आणि कुठे नाही. रोग ठिपक्याठिपक्यांनी किंवा पट्ट्यांनी पसरतो. पाण्याची अडचण उताराप्रमाणे दिसते. फवारणीची चूक पंपाच्या पट्ट्यात, ओळींच्या हिशेबाने दिसते. सगळ्या शेतात एकसारखं असेल तर बियाणं, जमीन किंवा हवामान यांच्याकडे वळायचं.

फोटोचंही तसंच. बांधावरून काढलेला एक फोटो शेताचा पसारा कळण्यापुरता कामाचा. त्याच्या जोडीला आणखी तीन हवेत: मुळासकट उपटून, बादलीत धुऊन, पांढऱ्या गोणीवर आडवं ठेवलेलं झाड; पानाची वरची आणि खालची बाजू; आणि चिरलेलं खोड. पानाची खालची बाजू कुणी पाठवत नाही, आणि नेमकं तिथेच सगळं असतं. द्राक्षाचा डाऊनी म्हणजे केवडा रोग पानावर वरून तेलकट पिवळा डाग दाखवतो आणि खालून पांढरी बुरशी. भुरी हा दुसरा रोग, ती वरच्या बाजूलाही पिठासारखी पसरते. दोन्हींची औषधं वेगळी. भर उन्हात काढलेला फोटो पांढराफटक येतो, म्हणून सकाळी किंवा स्वतःची सावली पाडून काढावा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलं तर डाग केवढा ते कळतं. व्हॉट्सअॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो दाबून लहान केला जात नाही आणि मोठा करून बघता येतो.

मक्यावर लष्करी अळी आली तेव्हा या गोष्टीचं महत्त्व चांगलंच कळलं. ही अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली भारतात पहिल्यांदा कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. तोवर मक्यात इतर अळ्या होत्याच, म्हणून ‘अळी आहे’ एवढं सांगून उपयोग नव्हता. ओळखीची खूण दोन ठिकाणी असते: डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटं काढल्यासारखी रेघ, आणि शेपटीकडून दुसऱ्या खंडावर चौकोनात बसलेले चार काळे ठिपके. म्हणजे फोटोत अळीचं डोकं आणि शेपूट दोन्ही यायला हवं. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, अर्धी घुसलेल्या अळीच्या मधल्या अंगाचा फोटो कितीही स्पष्ट असला तरी निरुपयोगी.

दुसरी जागा आकड्यांची. ‘बोंडअळी फार आहे’ यातल्या ‘फार’ला काही अर्थ नाही. गुलाबी बोंडअळीसाठी एक हिशेब ठरलेला आहे: कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) सलग तीन रात्री दर रात्री आठ पतंग, किंवा फुलांत-बोंडांत दहा टक्के प्रादुर्भाव. शेतात वेगवेगळ्या जागची वीस हिरवी बोंडं तोडून फोडली आणि दोनांत जिवंत अळी निघाली तर दहा टक्के झाले. हे काम चहा गार व्हायच्या आत होतं. ‘वीस बोंडांत दोन’ असं लिहिलं की समोरच्याला अंदाज बांधावा लागत नाही, आणि ‘वीसात एकही नाही’ असं निघालं तर फवारणीचा खर्चच वाचतो.

आता उत्तर देणाऱ्यांकडे येऊ. माझ्या मते जास्त जबाबदारी त्यांचीच, कारण विचारणारा घाबरलेला असतो आणि सांगणारा घरी खुर्चीत बसलेला असतो.

सर्वांत जास्त घोटाळा मात्रेत होतो. ‘पंपाला चाळीस मिली टाका’ हा महाराष्ट्रातला सर्वाधिक दिला जाणारा सल्ला असावा. सोयाबीनमधलं इमॅझेथापायर १० टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रव) हे तणनाशक घ्या. मात्रा हेक्टरी एक लिटर, म्हणजे एकरी ४०० मिली. सांगणाऱ्याच्या डोक्यात एकराला दहा पंप लागतात, म्हणून पंपाला ४०. पण ऐकणारा भरभर चालतो आणि सहा पंपांत एकर उरकतो. त्याच्या शेतात २४० मिलीच पडलं, तण हसत उभं राहिलं. दुसऱ्याचं नोझल बारीक, तो सावकाश चालतो, त्याला चौदा पंप लागतात. त्याच्याकडे ५६० मिली गेलं आणि सोयाबीन आखडून बसलं. दोघंही म्हणणार, ‘सांगितलं तसंच मारलं होतं.’ आणि दोघांचंही खरं. शिवाय पंप कुणाचा पंधरा लिटरचा, कुणाचा सोळाचा, कुणाचा वीसचा.

म्हणून मात्रा नेहमी एकरी सांगावी आणि पाण्याचं माप शेतकऱ्याने स्वतः काढावं. रीत सोपी आहे. पंपात साधं पाणी मोजून भरायचं, ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा आखायचा, रोजच्या चालीने फवारायचं आणि किती पाणी संपलं ते बघायचं. चार लिटर संपलं तर चाळीस गुंठ्यांना १६० लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाचे साधारण पावणेअकरा पंप. एकरी ४०० मिली भागिले १६० लिटर, लिटरला अडीच मिली, पंपाला साडेसदतीस. हे गणित एकदा केलं की त्या माणसासाठी, त्या पंपासाठी, त्या नोझलसाठी कायम. माणूस बदलला की पुन्हा करायचं, कारण मजुराची चाल आणि मालकाची चाल सारखी नसते.

औषधाच्या नावाचा घोळ दुसरा. ‘इमिडा दहा मिली’ असं लिहिणाऱ्याला आपण काय लिहिलं ते ठाऊक नसतं. बाजारात इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक १७.८ एसएल आहे, ३०.५ एससी आहे आणि ७० डब्ल्यूजी आहे. पहिल्या दोन बाटल्यांत तीव्रतेचा जवळजवळ पावणेदोन पटींचा फरक, आणि तिसरं तर दाणेदार, त्याला मिली नसतंच. कंपनीचं ब्रँडनाव सांगितलं तर आणखी पंचाईत, कारण ही नावं इतकी सारखी असतात की एका अक्षराने कीटकनाशकाचं तणनाशक होईल. घटकाचं नाव, टक्केवारी, आणि औषधाचं रूप, म्हणजे एसएल, ईसी, डब्ल्यूपी यांपैकी काय, हे तिन्ही लिहिल्याशिवाय कुठलंही उत्तर पाठवू नये. दुकानदाराने बिलावर तेच लिहावं, असा आग्रह गिऱ्हाइकाने धरावा. बिल न घेता घेतलेलं औषध म्हणजे प्रश्न विचारायचा हक्कच सोडून दिल्यासारखं.

आकडे बोलून सांगू नयेत, हे माझं ठाम मत. व्हॉइस मेसेज विचारणाऱ्याला सोयीचा. हात चिखलाने भरलेले असतात, लिहिता येत नसेल तर तो एकच मार्ग. उत्तर मात्र लिहून द्यावं. पंपाच्या इंजिनाच्या आवाजात ‘सात’ आणि ‘साठ’ यांतला फरक ऐकू येत नाही, आणि तीन दिवसांनी तो आकडा शोधायचा तर सव्वाशे मेसेज ऐकत बसावं लागतं. लिहितानाही टक्क्यांच्या पुढे सरळ माप द्यावं. ‘फेरस सल्फेट ०.५ टक्के’ यातला ठिपका मोबाइलच्या पडद्यावर दिसेनासा झाला की ५ टक्के होतात आणि पानं करपतात. ‘१० लिटर पाण्याला ५० ग्रॅम’ लिहिलं की चुकायला जागा उरत नाही.

वरच्या त्या पूर्ण प्रश्नाला पूर्ण उत्तर असं येईल: ‘लोहाची कमतरता वाटते, पाणी साचल्यामुळे. मोझॅक वाटत नाही, कारण शिरा हिरव्या आहेत आणि त्रास फक्त सखल भागात आहे. आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वापसा आला की कोळपणी करा. चार-पाच दिवसांत नवीन पान हिरवं आलं नाही तर फेरस सल्फेट १० लिटरला ५० ग्रॅम, त्या अर्ध्या एकरावरच. त्यात दुसरं काही मिसळू नका. तरीही पिवळं राहिलं तर खोड चिरून फोटो टाका.’

या उत्तरात औषध चौथ्या वाक्यात आलं आहे, आणि तेही अटीवर. ‘वाटते’ हा शब्द आहे. फोटोवरून निदान करणाऱ्याने तो वापरायलाच हवा. कारण दिलं आहे, त्यामुळे कारण चुकीचं असेल तर तिसरा कुणीतरी ते दुरुस्त करू शकतो. कुठपर्यंत थांबायचं ते सांगितलं आहे. आणि पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, तेही. ‘शंभर टक्के रिझल्ट’वाल्या उत्तरात यातलं काहीच नसतं, म्हणून ते दुरुस्तही करता येत नाही, मानायचं किंवा सोडायचं, एवढंच हातात राहतं.

उत्तरात मर्यादा सांगणं किती महागात वाचवतं, ते द्राक्ष बागायतदारांना विचारा. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि माल अडकला. बागेतल्या भाषेत सीसीसी. वेलीचा जोम आवरायला ते वापरलं जाई आणि कामही करत असे. फक्त घड काढणीला येईपर्यंत त्याचे अंश मागे राहिले. त्यानंतर निर्यातीच्या बागेत कोणतंही औषध सुचवताना दोन गोष्टी सांगायची शिस्त बरीच रुळली: काढणीआधी किती दिवस बंद, आणि माल जाणार कुठे. भाजीपाल्यात ही शिस्त अजून औषधालाही सापडत नाही. तोडणी परवा आहे की पंधरा दिवसांनी, हे न विचारता वांग्यावर-मिरचीवर सल्ले दिले जातात, आणि ती वांगी आपल्याच गावच्या बाजारात येतात.

एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, तो असा: या पंपाने आधी काय मारलं होतं? कपाशीची पानं एकाएकी लांबट, बोटांसारखी फाटलेली, भेंडीच्या पानासारखी दिसायला लागली की लोक विषाणू समजून घाबरतात. बहुतेक वेळा तो टू-फोर-डी या तणनाशकाचा प्रताप असतो, शेजारच्या शेतातून वाऱ्याने आलेला किंवा न धुतलेल्या पंपात तळाशी राहिलेला. कपाशी या तणनाशकाच्या बाबतीत इतकी हळवी आहे की चमचाभर उरलेलंही पुरतं. यावर मारायला औषध नाही. वाट बघायची, आणि तणनाशकाचा पंप वेगळा ठेवायचा. ‘काही मारू नका’ हे उत्तर कुणाला आवडत नाही. विचारणाऱ्याला वाटतं याला काही येत नाही, आणि विकणाऱ्याला तर ते परवडतच नाही. पण मला विचाराल तर सल्लागाराची पारख करायची असेल तर तो किती वेळा ‘काही मारू नका’ म्हणतो, ते मोजावं.

विकणाऱ्यांनी उत्तर देऊच नये असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. गावोगावी पिकं सर्वांत जास्त पाहणारा माणूस पुष्कळदा कृषी सेवा केंद्राचाच असतो. त्याने फक्त ‘हे माझ्या दुकानात आहे’ एवढं उघड सांगावं. आणि उत्तर चारचौघांत द्यावं. ‘नंबर टाका, बोलतो’ याला माझा विरोध आहे तो त्यासाठीच. बाजूला घेऊन दिलेला सल्ला चुकला तर कुणी टोकत नाही आणि बरोबर असला तर बाकीच्या दोनशे जणांना कळत नाही. उद्या तोच प्रश्न पुन्हा येतो.

टोकण्याचीही एक रीत आहे. ‘दादा, ही मात्रा हेक्टरची आहे, एकराची ४०० होते’ असं लिहिलं की दुरुस्ती झाली. ‘काहीही सांगता राव, अभ्यास करा आधी’ असं लिहिलं की भांडण झालं. पुढचे तीस मेसेज मानापमानाचे, आणि मूळ प्रश्नवाला बिचारा चुकीची मात्रा घेऊन शेतात पोहोचलेला. ज्याची मात्रा चुकली त्याने गुपचूप मेसेज पुसून टाकू नये. तोवर चौघांनी तो वहीत उतरवलेला असतो. ‘वरची मात्रा चुकली, बरोबर ही’ असं त्याच धाग्यावर नव्याने लिहावं. त्यात कमीपणा वाटतो खरा, पण पुसलेल्या मेसेजने दुसऱ्याचं पीक गेलं तर तो कमीपणा वाटून घ्यायला आपण तिथे नसतो.

आणि नवख्याची टिंगल. ‘एवढंही माहीत नाही?’ या एका वाक्याने किती जण कायमचे गप्प होतात, त्याची मोजदाद होत नाही कारण ते गप्पच असतात. यंदा पहिल्यांदा बटाईने शेत घेतलेला, नवरा गेल्यावर शेती हातात आलेली बाई, शहरातून परतलेला पोरगा, हे लोक एकदा विचारतात. हसलं की पुन्हा विचारत नाहीत, सरळ दुकानात जाऊन ‘द्या जे असेल ते’ म्हणतात.

‘शेतकऱ्याला इतकं लिहायला वेळ कुठे आहे?’ हा आक्षेप नेहमी येतो, आणि पावसाळ्यात तो अगदीच पोकळ नाही. द्राक्षात पाऊस पडून गेल्यावर डाऊनीला आवरायला तास मोजावे लागतात. पण औषध आणायला तालुक्याला जाऊन यायचा अर्धा दिवस सापडतो, फवारणीला एक मजूर लागतो, आणि फसलेली फवारणी पुन्हा करायला तेवढंच सगळं परत लागतं. त्यापुढे पाच मिनिटांची चक्कर आणि पन्नास शब्द महाग नाहीत. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी सांगणाऱ्याने विचारावं: किती दिवसांचं पीक, कुठली पानं, कुठल्या भागात, आधी काय मारलं. चार प्रश्न झाले. त्याहून जास्त विचारू नयेत. चौकशी आयोग बसला की माणूस वैतागून निघून जातो.

सरकारी यंत्रणेची भाषा हा वेगळाच विषय. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार कृषी विद्यापीठं आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आहेत, २००४ पासून किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक सकाळी सहा ते रात्री दहा चालू असतो, आणि कीड-रोगांच्या सर्वेक्षणाचा क्रॉपसॅप प्रकल्प २००९-१० पासून राज्यात आहे. माहितीचा साठा तिथेच आहे. पण सल्ला निघतो तो ‘प्रादुर्भाव आर्थिक नुकसानीच्या पातळीच्या वर आढळल्यास एकात्मिक व्यवस्थापनाचा अवलंब करावा’ अशा बोलीत, आणि मात्रा हेक्टरी, ५०० लिटर पाण्याच्या हिशेबाने. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाने त्याचं काय करायचं? ‘वीस बोंडं फोडा, दोनांत अळी निघाली तर मारा, नाहीतर आठ दिवसांनी पुन्हा फोडा’ हे त्याच शास्त्राचं मराठी भाषांतर आहे आणि ते करणं विद्यापीठाचं काम आहे, ग्रुपवरच्या हौशी मंडळींचं नाही. दुकानातला माणूस जिंकतो तो ज्ञानावर जिंकत नाही, ‘पंपाला एवढं’ असं सुटसुटीत बोलण्यावर जिंकतो. विद्यापीठाने गुंठ्याचं गणित शिकवून मग तसंच सुटसुटीत बोलावं.

एक प्रश्न मात्र कुठल्याही ग्रुपवर, कुठल्याही भाषेत टाकायचाच नाही: ‘फवारताना चक्कर येतेय, काय करू?’ २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले. उंच वाढलेली कपाशी, दोन-तीन विषांची मिसळ, तोंडावर फडकंही नाही, अशी कारणं तेव्हा पुढे आली. अशा वेळी अंगावरचे कपडे काढायचे, साबणाने अंग धुवायचं, १०८ ला फोन करायचा आणि औषधाची बाटली सोबत न्यायची. डॉक्टरला बाटलीच लागते, कारण उतारा घटकावर ठरतो. ‘पांढरं होतं, दुकानातून आणलं’ एवढ्यावर त्यांनाही अंदाजच करावा लागतो. बाटलीवरच्या चौकटीतला रंग लाल असेल तर सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा या उतरत्या क्रमाने. दोन जहाल औषधं एकत्र करायचा सल्ला देणाऱ्याने हा रंग एकदा बघून मगच बोटं चालवावीत.

शेवटी राहते ती गोष्ट जी जवळजवळ कुणीच करत नाही. सल्ला घेतला, फवारलं, आणि माणूस गायब. पीक सुधारलं का, बिघडलं का, काही कळत नाही. त्यामुळे चांगलं उत्तर आणि ठोकून दिलेलं उत्तर यांची किंमत ग्रुपवर सारखीच राहते, आणि पुढच्या जुलैत दोन्ही तितक्याच आत्मविश्वासाने परत येतात. दहा दिवसांनी त्याच प्रश्नाखाली तीन ओळी लिहायला हव्यात: ‘चर काढला २३ तारखेला. फेरस मारलं नाही. ३१ पासून नवीन पान हिरवं येतंय, जुनी पिवळी पानं तशीच आहेत. शेजाऱ्याने त्याच दिवशी चार औषधं मारली होती, त्याचंही आता असंच हिरवं दिसतंय.’